तीन इसा आन् मी

एसटीत कंडक्टर म्हणून लागल्यापासून मला माणसाचं वय तोंडाकडं बघून कळतं आणि कार्डाकडं बघून कळेनासं होतं. सेनगावच्या स्टँडवर गाडी लागली की अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड धरलेले हात पुढं येतात. मिशा काळ्याभोर, दात शाबूत, कडेवर स्वतःचंच लेकरू, आणि कार्डावर वय सत्तर. मी कार्ड बघते, माणूस बघते आणि मुकाट्यानं अर्धं तिकीट काढून देते. कंडक्टरनं कार्डाशी भांडायचं नसतं. शिवाय भांडायला मला तोंड कुठं होतं? माझ्या बापूंचंच कार्ड तसं होतं.

बापू म्हणजे माझे वडील. साखऱ्याला आमची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. जमीन धाकटा भाऊ बघायचा, बापूंचा जीव मेंढरांत. गावच्या शाळेत कार्ड काढायचा कॅम्प लागला तेव्हा बापू मेंढरं घेऊनच गेले. मेंढरं शाळेच्या कुंपणाबाहेर उभी केली आणि स्वतः रांगेत, पण मान सारखी बाहेर. त्यांचा नंबर लागला. यंत्रावरच्या पोरानं खाली बघूनच विचारलं, "बाबा, किती?" त्यानं वय विचारलं होतं. बापूंना वाटलं, हा मेंढरं विचारून राहिलाय. ते म्हणाले, "तीन इसा."

इसा म्हणजे वीस. आमच्या बापूंचं सगळं गणित विसाचं. तीन इसा म्हणजे साठ. पोरगं आमच्याच भागातलं, त्याला हिशेब कळला, त्यानं साठ वय टाकून दिलं. त्या पोराची काही चूक नव्हती. बापू तेव्हा पन्नाशीचे होते. एका शब्दात दहा वर्षांनी म्हातारे होऊन घरी आले आणि त्यांना पत्ताही नव्हता.

खरं तर त्यांचं उत्तर तिथं संपलंच नव्हतं. तीन इसा म्हटल्यावर ते सवयीनं पुढं म्हणाले होते, "आन् मी." पोराला त्यातलं काही कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

ही त्यांची मेंढरं मोजायची रीत. संध्याकाळी शेतात वाघूर लावायचे, म्हणजे जाळीचं कुंपण. त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि एकेक मेंढरू आत सोडायचं. वीस झाली की एक बोट मिटायचं. तीन बोटं मिटली की तोच हात छातीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "आन् मी." मग वाघूर बंद. साठाच्या वर मेंढरं झाली की विकून टाकायचे. माझ्या नजरंत तीन इसाच मावतात, म्हणायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "बापू, तुमी काय मेंढरू हाव का? सोताला काहून मोजता?" ते म्हणाले, "दिसभर दुसऱ्याकडं बघून माणूस सोताला इसरतं, बाई. समदे आले, पर आपुन आलो का न्हाई, त्ये बी बघाव लागतं."

तर असं ते कार्ड. पुढं मी एसटीत लागले, बापूंना कार्डाच्या जोरावर अर्धं तिकीट लागू झालं आणि माझ्या चेष्टेला तोंड फुटलं. "या बापू, मेंढरांच्या वयावर फिरा," मी भर गाडीत म्हणायची. ते मिशीत हसायचे आणि कार्ड पुन्हा बंडीच्या खिशात घालायचे. दुरुस्त करून घेऊ, असं मी दर दिवाळीला म्हणत होते. दिवाळ्या येत गेल्या.

गेल्या हिवाळ्यात, सोयाबीन निघून तूर उभी होती तेव्हाची गोष्ट. मी हिंगोलीच्या स्टँडवर ड्युटीला होते. सकाळीच भावाचा फोन आला. "ताई, बापू वाघरीपाशी पडलेत. तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलून न्हाई राहिले."

मी म्हटलं, ताबडतोब हिंगोलीला आण, मी पुढची सोय बघते. पण गावात चार शहाणे असतातच. लकवा आहे, दवाखान्यात सुई टोचली तर बिघडतो, आधी लकव्याचं औषध देतात त्या गावाला न्या, असं त्यांनी सांगितलं. भावानं जीप त्या गावाकडं वळवली. तिथं रांग होती. रांगेत दोन तास गेले, हातात एक दोरा आणि पानाची पुडी मिळाली, आणि मग जीप हिंगोलीला आली. तिथून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली आहे, गाठ विरघळायचं इंजेक्शन असतं, पण त्याची वेळ निघून गेली. भाऊ माझ्याकडं बघेना. मी ठरवलं होतं, त्याला काही बोलायचं नाही. आणि पाच मिनिटांत सगळं बोलून बसले. माझा स्वभावच तसा. तो भिंतीकडं तोंड करून रडला आणि मग मला माझीच लाज वाटली. त्याच्या जागी मी साखऱ्यात असते आणि भोवती तीच माणसं असती, तर मी काय केलं असतं, देव जाणे.

पहिल्या दिवशी बापू डोळे उघडून बघत होते. डाव्या हातानं मायचा पदर धरत होते. बोलणं मात्र पार गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांना झोप येऊ लागली. हाक मारली तर डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. मायला वाटलं, थकलेत, झोपू द्या. नर्सनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि पळत डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं. पडद्यावर बापूंच्या डोक्याचा फोटो लावला. निम्मा भाग काळपट दिसत होता. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील, आवाज बारीक, बोलायची घाई नाही. ते म्हणाले, "मेंदूचा हा एवढा भाग मेलाय, आणि आता तो सुजतोय. वर कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. सूज आत मावली नाही की ती चांगल्या मेंदूला दाबते. मग श्वास थांबतो. आज रात्रीपर्यंत किंवा उद्या."

"मग ह्याला औषध?" भावानं विचारलं.

"औषधं चालू आहेत, पुरणार नाहीत. एक ऑपरेशन असतं. या बाजूचं हाड, तळहातापेक्षा मोठा तुकडा, काढून ठेवायचा. मेंदूला सुजायला जागा करून द्यायची. सूज उतरली की दोन-तीन महिन्यांनी हाड परत बसवायचं."  त्यांनी कागद उलटला आणि ते म्हणाले, "पण वय बहात्तर आहे."

मला आधी कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतायत.

"हे ऑपरेशन जीव वाचवतं," डॉक्टर म्हणाले, "गेलेला हात परत देत नाही. बोलणं येईलच, असंही नाही. साठीच्या आतला पेशंट असला तर मी घरच्यांना आग्रह करतो. साठीच्या पुढं आग्रह करत नाही, विचारतो. कारण जीव वाचला तरी बहुतेकांचं पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातानं चालतं. आणि सत्तरीच्या पुढं, खरं सांगायचं तर, नका करू, असंच मी सांगतो."

भाऊ मान हलवत होता. माय पडद्याकडं बघत होती. आणि माझ्या डोक्यात एकदम शाळेचं कुंपण उभं राहिलं, कुंपणाबाहेरची मेंढरं आणि मागं वळून वळून बघणारे बापू.  ज्या वयावर मी त्यांना हसत हसत अर्धं तिकीट देत होते, तेच वय आता त्यांच्या आडवं आलं होतं.

"साहेब, बापू बहात्तरचे न्हाईत," मी म्हटलं. "बासष्टचे हायेत. ते वय मेंढरांचं हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सगळी हकीकत सांगितली, घाईघाईत, मागचं पुढं आणि पुढचं मागं. त्यांचा विश्वास बसला नसावा. आपल्या बापाला वाचवायला माणसं काय काय सांगतात, हे त्यांनी पुष्कळ ऐकलं असणार. त्यांनी मायला विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. यांचं वय किती?"

माय म्हणाली, "बहात्तरच्या..."

"बघा, बहात्तरच."

"आवो, पुरतं ऐका तर. बहात्तरच्या दुष्काळात हे धा वर्साचे व्हते. तळ्याच्या कामावर बापासंग गेले, तर मुकादमानं ल्हान हाय म्हणून हाजरी लावली न्हाई. त्ये दुखणं ह्यांनी मला लग्नापासून धा-इस येळा सांगितलंय. आता तुमीच हिशेब करा."

डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. मग पहिल्यांदाच ते किंचित हसले आणि कागदावरचं बहात्तर खोडून त्यांनी बासष्ट लिहिलं. मला वाटलं, जिंकलो. पण ते म्हणाले, "बरं. म्हणजे आता मी नको म्हणणार नाही. आता मी तुम्हाला विचारतो. करायचं का? दुपारपर्यंत सांगा."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वय दुरुस्त झालं आणि निवाडा आमच्या पदरात पडला.

बाहेर कडुनिंबाखाली आम्ही तिघं बसलो. भाऊ म्हणाला, "ताई, राग नको मानू. बापूला इचारलं असतं तर त्येंनी न्हाईच म्हणलं असतं. ज्यो माणूस पाण्याचा तांब्या दुसऱ्याला आणू देत न्हाई, त्याला आपुन हातरुणावर भरवायचं? त्यो जीव हाय का?"

मला चीड आली ती तो खोटं बोलत नव्हता म्हणून. बापू तसेच होते. काठी धरायला दिली तर तिनं मेंढरं हाकत. पावसात भिजून ताप आला तरी वाघरीपाशीच झोपायचे. मी स्वतः दहादा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं की देवानं मला चालता चालता न्यावं. पण ते सगळं अंगात बळ असताना बोललेलं. आणि समोर कॉटवर पडलेला माणूस पहिल्या दिवशी डाव्या हातानं पदर धरत होता, तेही मी पाहिलं होतं. कोणतं खरं धरायचं?  दर फेरीला साठ माणसांना ‘कुठं जायचं’ विचारणारी मी, आणि बापाला कुठं जायचं होतं ते मला सांगता येईना.

मग माय बोलली. "तुला कानफाटी आठवती का, बाई?"

आठवत होती. मी अकरा-बारा वर्षांची असेन. कानफाटी ही आमची एक म्हातारी मेंढी, कान कुत्र्यानं फाडलेला. ती एकाएकी गोल गोल फिरायला लागली, एकाच अंगानं, चारा सोडून. मेंढरांच्या डोक्यात कधी पाण्याची पिशवी धरते, मग ती अशी फिरतात आणि मरतात. बापूंना त्यावरचा इलाज त्यांच्या बापाकडून आला होता. अंगठ्यानं कवटी चाचपून जिथं हाड मऊ लागेल तिथं वस्तऱ्यानं उघडायचं, पिशवी अलगद ओढून काढायची, हळद भरून फडकं बांधायचं. कोकरं ते उघडायचे, दोन-चार दातांची तरणी मेंढरंही उघडायचे. म्हातारी मेंढी कुणी उघडत नाही, खाटकाला देतात. माय स्वतः तेव्हा म्हणाली होती, देऊन टाका. बापूंनी ऐकलं नाही. मी कानफाटीचे पाय धरले होते आणि डोळे गच्च मिटले होते.

"ती जगली," माय म्हणाली. "पर सरळ चालती झाली का? न्हाई झाली. कायम डावीकडं वढायची. तवा हे काय करायचे? तिला उजव्या अंगाला घेऊन चालायचे. ती वढली की ह्यांच्या पायाला लागायची आन् सरळ व्हायची. कळप पुढं निघून जायचा, हे तिच्यासाठी हळू चालायचे. तीन वर्सं. म्या किती बोलले ह्यांना. तर म्हणायचे, तिला कुठं घाई हाय."

मायनं पदरानं नाक पुसलं. "चालता चालता न्यावं, आसं बोलले आसतील, म्या न्हाई म्हणत न्हाई. पर केलं काय, त्ये म्या बघितलंय. ते हळू चालले. आता आपुन चालू."

 भाऊ म्हणाला, "ताई, सही तू कर. तू थोरली हाईस." मी सही केली. कंडक्टरची सही, दिवसातून पन्नासदा करायची, पण त्या दिवशी आडनावाची वेलांटी दोनदा काढली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन झालं, जीव आहे, एवढंच म्हणाले. मग सांगितलं की काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, तिथं ते नीट राहतं. भावानं दोनदा विचारून खात्री केली की तो बरोबर ऐकतोय. मायला काहीच नवल वाटलं नाही. पुढं गावाकडून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "डोकं पोटात ठिवलंय. सांभाळून बसा." आणि लोक खरोखर कॉटपासून हातभर लांब बसत.

आठ-दहा दिवसांनी पट्टी सुटली. डोक्याची डावी बाजू खोल गेलेली, कातडीखाली मऊ, आणि बारकाईनं बघितलं तर तिथं ठोका दिसायचा. मला बघवेना, मी खिडकीशी गेले. माय जवळ सरकली, तिनं नीट निरखून पाहिलं आणि राउंडवर आलेल्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, टाळू भरू का?"

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मी सांगितलं, तान्ह्या लेकराची टाळू मऊ असते, तिच्यावर रोज तेल घालतात, ती तेच विचारतेय. ते म्हणाले, "तेल नका लावू, आजी. हात लावलात तरी अलगद लावा." तेल नाही तर नाही. मायनं तिच्या जुन्या लुगड्याचं मऊ टोपडं शिवलं, बंदाचं, जसं माझ्या लेकरांना शिवलं होतं. आयुष्यभर पागोटं बांधलेल्या माणसाला टोपडं. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले, तर बापू डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होते आणि त्यांचं अर्धं तोंड हसत होतं.

ते घरी आले. तीन महिन्यांनी हाड परत जागेवर बसलं. उजवा हात नुसता लोंबतो. उजवा पाय ओढत, भावाच्या खांद्याचा आधार घेऊन ते अंगणात दहा पावलं चालायला लागले. भाऊ आपसूक त्यांच्या उजव्या अंगाला चालतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्यांना एक शब्द आला. "बराबर." कुठून आला कोण जाणे, पण तेवढा एकच आला. जेवता का, बराबर. दुखतं का, बराबर. कोण आलंय ओळखलं का, बराबर. मेंढीला कोकरू झालं म्हणून भावानं ते मांडीवर आणून ठेवलं, तरी बराबर. गावातले लोक चेष्टा करत, बापू आता पुढारी झाले, सगळ्यांनाच बराबर म्हणतात. मीही केली चेष्टा. पण एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मी त्यांना भात भरवत होते, आणि मला राहवलं नाही.

"बापू, म्या सही केली," मी म्हटलं. "तुमाला न इचारता. बराबर केलं का?"

"बराबर," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पण माझा स्वभाव मेला कंडक्टरचा, तिकीट दोन्ही बाजूंनी बघायचा. मी पुन्हा विचारलं, "का चुकलं माझं?"

"बराबर," बापू म्हणाले, त्याच डोळ्यांनी बघत.

मी भाताचा पुढचा घास त्यांच्या तोंडात घातला. ज्याच्याकडं एकच नाणं आहे, त्यानं ते पुढं केलं तर त्याला काय घ्यायचंय हे कसं कळावं? त्या दिवसापासून ते माझ्या मनात कुसळासारखं राहिलं. घरी गेले की टोपड्याकडं बघायचं, लोंबणाऱ्या हाताकडं बघायचं, मायच्या वाकलेल्या पाठीकडं बघायचं. तिला रात्रीतून तीनदा उठावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं, सगळं दुसऱ्याच्या हातानं. भाऊ कधी एका शब्दानं मला बोलला नाही, आणि तो बोलला असता तर बरं, असं मला वाटायचं. हे जगणं बापूंना हवंय का, की मी माझ्यासाठी त्यांना धरून ठेवलंय? विचारायची सोय नव्हती. विचारलं की बराबर.

पावसाळा सरता सरता नांदेडला तपासणीची तारीख होती. माझी ड्युटी त्या आठवड्यात हिंगोली-नांदेडच होती. भाऊ शेतात अडकलेला, म्हणून मी म्हटलं, माझ्याच गाडीत आणते. ड्रायव्हर आणि मी मिळून बापूंना चढवलं. पुढच्या दाराजवळ कंडक्टरची सीट असते, माझी, तिथं खिडकीला त्यांना बसवलं आणि माय मागच्या सीटवर बसली. मी बापूंचं तिकीट काढलं. पूर्ण. ऑपरेशनच्या वेळी बासष्ट सांगून गाडीत बहात्तर कसं सांगायचं? जिभेला हाड नसतं हे खरं, पण आमच्या घरात आता हाडाचा विषय नाजूक झालाय.

आखाडा बाळापूरला बाजार होता. गाडी थांबली आणि पोती, कोंबड्या, पिशव्या, माणसं, सगळं एकदम आत आलं. दहा-बारा उतरले, त्याच्या दुप्पट चढले. काही जण चहा घ्यायला खाली गेले होते, ते चढले की नाही कळेना. मी तिकिटं काढत मागंपर्यंत गेले आणि गाडी गावाबाहेर निघाल्यावर माणसं मोजत पुढं आले. यंत्रात तिकिटं दिसत होती एकसष्ट. माणसं भरली साठ.

कुणीतरी खाली राहिलं. मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पुन्हा मोजलं, मागून पुढं, प्रत्येक सीटला हात लावत. साठ. लोक कुरकुरायला लागले. कुणी म्हणालं, जाऊ द्या ना मॅडम, त्यो मागच्या गाडीनं येईल. मी म्हटलं, तिकीट काढलेलं माणूस रस्त्यावर सोडून मी जाणार नाही. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "किती भरले?"

"साठच," मी वैतागून म्हटलं. "साठच भरून राहिले."

"तीन इसा," माझ्या शेजारून आवाज आला.

मी खाली बघितलं. बापू माझ्याकडं बघत होते. त्यांनी माझं साठ ऐकून ते म्हटलं, की मी मोजत होते तेव्हा तेही त्यांच्या मनात मोजत होते, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांचं तोंड हालत होतं, पुढचं काहीतरी सापडत नव्हतं. मागच्या सीटवरून माय पुढं वाकली. त्यांनी डावा हात उचलला, चुकतमाकत, आधी गळ्याशी, मग खाली, आणि तळवा छातीवर टेकवला.

"आन् मी," बापू म्हणाले.

माझ्या सीटवर कधी पॅसेंजर नसतो. म्हणून मी ती सीट मोजतच नाही.